झांग निंग खरंच ‘उशिरा उमलली’ होती का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी १७ वर्षांची, नवव्या वर्षापासून बॅडमिंटन खेळते, राज्य रँकिंग स्पर्धांत मेन ड्रॉ (पात्रता फेऱ्यांनंतरची मुख्य स्पर्धा) गाठते, पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपुढे जात नाही. तिच्याबरोबर सुरुवात केलेल्या दोघी आता नॅशनल खेळतात. कोच म्हणतात, ‘धीर धरा, चीनची झांग निंग २९व्या वर्षी ऑलिंपिक जिंकली.’ तर या झांग निंगचं नेमकं काय झालं होतं आणि त्यातलं तुमच्या मुलीला काय लागू पडतं, हे तुम्हाला हवंय.

मी २८ वर्षं मुलींना एकेरी शिकवते आहे. झांग निंगचं उदाहरण मीही पालकांना पुष्कळदा दिलं, आणि सुरुवातीची काही वर्षं चुकीचं दिलं. तुमचे कोच देतात तसंच: बघा, ती किती उशिरा जिंकली, तेव्हा घाबरू नका. नंतर तिच्या मॅचेस बारकाईने बघितल्या, तारखा आणि वयं जुळवून पाहिली, तेव्हा लक्षात आलं की ती उशिरा उमलली असं म्हणता येत नाही. ती खूप लवकर वर पोचली, मग जवळजवळ दहा वर्षं एका जागी अडकून पडली, आणि त्या दहा वर्षांत तिने स्वतःचा खेळ मुळापासून बदलला.

झांग निंगचा जन्म १९ मे १९७५ चा, ईशान्य चीनमधल्या लिआओनिंग प्रांतातल्या जिनझोऊ शहरातला. १९९१ मध्ये, १६ वर्षांची असताना, ती चीनच्या राष्ट्रीय संघात होती. त्या काळातला चीनचा महिला संघ म्हणजे काय, हे आजच्या मुलींना सांगावं लागतं. महिलांची सांघिक जागतिक स्पर्धा म्हणजे उबर कप. १९८४ ते १९९२ या काळात तो सलग ५ वेळा चीनने जिंकला होता. अशा संघात १६व्या वर्षी जागा मिळते ती नुसत्या धीरावर मिळत नाही. म्हणून १७ वर्षांच्या मुलीची तुलना ‘१७ वर्षांची झांग निंग’ हिच्याशी करायची असेल, तर झांग निंग तेव्हा राष्ट्रीय संघाच्या निवासी सराव शिबिरात होती, हे आधी मान्य करायला हवं. ही गोष्ट कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते ती लपवणं मुलीवर अन्याय करणारं आहे.

आता १९९४ चा मे महिना. जकार्तामध्ये उबर कपची फायनल, चीन विरुद्ध इंडोनेशिया. तीन एकेरी, दोन दुहेरी अशी लढत, त्यात २-२ अशी बरोबरी झालेली. पाचव्या, निर्णायक मॅचला चीनकडून उतरली झांग निंग. वय १९ च्या आसपास. समोर इंडोनेशियाची मिया औदिना, वय १४. चौदा! आपल्याकडे या वयाच्या मुलीला आपण अंडर-१५ खेळायला पाठवतो आणि डब्यात काय दिलंय ते तीनदा सांगतो. जकार्ताचं स्टेडियम कसं असतं ते ज्यांनी टीव्हीवर पाहिलंय त्यांना माहीत आहे. आपल्या माणसाने मारलेल्या प्रत्येक स्मॅशला हजारो लोक एका सुरात ओरडतात, शटलचा आवाज ऐकू येत नाही. त्या आवाजात मॅच तिसऱ्या गेमपर्यंत गेली आणि झांग निंग हरली. दहा वर्षं चीनमध्ये असलेला कप इंडोनेशियाकडे गेला. १९९६ मध्येही तो तिथेच राहिला, थेट १९९८ मध्ये चीनला परत मिळाला.

हा पराभव मी मुलींना नेहमी सांगते. पण त्यात ‘हिंमत’ वगैरे शब्द वापरत नाही. निर्णायक मॅचला दोघींवर सारखं ओझं नव्हतं. १४ वर्षांच्या मुलीकडे गमावण्यासारखं काहीच नव्हतं, ती जिंकली असती तर चमत्कार आणि हरली असती तर ‘लहान आहे अजून’. तिच्याहून मोठ्या चिनी मुलीला मात्र फक्त हरण्याचीच शक्यता दिसत असणार, कारण जिंकणं गृहीतच धरलेलं होतं. आपल्याकडे जिल्ह्याची नंबर एक मुलगी बिनमानांकित मुलीसमोर आखडते ती याच कारणाने. हात जड होतो, टॉस (उंच, लांब मारलेलं शटल) मागच्या रेषेपर्यंत जात नाही, अर्ध्या कोर्टात पडतो, आणि समोरची मारते. तंत्राचा दोष वाटतो, पण खरं म्हणजे खांदा आवळला गेलेला असतो.

त्यानंतरची वर्षं ऑलिंपिकच्या दृष्टीने कोरडी गेली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये झांग निंग नव्हती. मिया औदिना होती, आणि १७ पूर्ण व्हायच्या आत ती तिथे रौप्यपदक जिंकून गेली. २००० च्या सिडनीलाही झांग निंगचं नाव नव्हतं. एका देशाच्या जास्तीत जास्त तीन खेळाडू एकेरीत जाऊ शकत, आणि चीनमध्ये चौथ्या-पाचव्या क्रमांकावर असणारी मुलगी दुसऱ्या बहुतेक देशांत पहिली असती. पुढे होती १९९५ आणि १९९७ ची विश्वविजेती ये झाओयिंग. मग आली गोंग झिचाओ, जिने सिडनीचं सुवर्ण घेतलं. पाठीमागून लहान मुली येत होत्या: गोंग रुइना, जी २००१ मध्ये विश्वविजेती झाली, आणि झोऊ मी. २००१ च्या त्याच जागतिक स्पर्धेत, स्पेनमधल्या सेव्हिल शहरात, झांग निंगला कांस्य मिळालं. वय २६. आपल्याकडे या वयात नोकरी मिळालेली मुलगी रॅकेट माळ्यावर टाकते आणि न मिळालेली मुलगी आधीच टाकून मोकळी झालेली असते.

आता मुद्द्याचं. या मधल्या काळात तिच्या खेळात काय बदललं? मी कोच म्हणून मॅचेस बघून सांगते आहे, तिच्या डायरीतून नाही.

झांग निंग उंच आहे, साधारण पावणेसहा फुटांच्या आसपास, हात लांब. उंच मुलीला लहानपणी सगळे सांगतात, मार. वरून मारता येतं म्हणून मारत सुटायचं. पण उंच मुलीला खाली वाकायला आणि वळायला वेळ लागतो, आणि मारलेला स्मॅश परत आला की पुढचं शटल तिच्या पायाशी असतं. २००२-०३ नंतरची झांग निंग बघा. ती मारायच्या आधी थांबते. रॅकेट वर, शरीर वळलेलं, आणि हात शेवटच्या क्षणापर्यंत काही सांगत नाही. त्याच उचललेल्या हातातून लांब टॉस निघतो, तिरका ड्रॉप (नेटजवळ पडणारा हलका फटका) निघतो, हाफ स्मॅश (कमी जोराचा स्मॅश) निघतो. समोरची मुलगी अर्धं पाऊल उशिरा निघते. एका रॅलीत अर्ध्या पावलाने काही होत नाही, पण चाळीस रॅलींनंतर होतं. तिच्या खेळात मला सर्वात जास्त शिकवणारी गोष्ट ही आहे: ती समोरच्या मुलीला पाडत नाही, तिला दमवत जाते, आणि स्वतः मात्र कोर्टच्या मध्यावर आरामात परत येते. पाय घाई करत नाहीत. तिचं फुटवर्क आमच्या हॉलमधल्या काही मुलींना ‘स्लो’ वाटतं. मी त्यांना घड्याळ लावून बसवते आणि सांगते, ती शटलखाली कधी पोचली ते मोजा. ती तुमच्या आधी पोचलेली असते, म्हणून ती सावकाश दिसते.

हे शिकायला वर्षं लागतात, कारण यात डोळ्यांचं काम आहे. समोरचीचा खांदा, मनगट, कंबर वाचायची. आणि ते वाचन फक्त हजारो रॅली खेळून येतं, वेगवेगळ्या मुलींशी. चीनच्या संघात जगातल्या पहिल्या दहांतल्या तीन-चार मुली रोज सकाळी एकाच हॉलमध्ये. तिथे राखीव म्हणून घालवलेलं एक वर्षसुद्धा आपल्या दहा स्पर्धांपेक्षा जास्त शिकवतं. झांग निंगच्या ‘वाट बघण्याच्या’ काळात हा सराव होता. नुसती वाट बघून कोणी विश्वविजेती होत नाही.

२००३ ची जागतिक स्पर्धा बर्मिंगहॅमला होती. मे महिन्यात व्हायची ती सार्सच्या साथीमुळे पुढे ढकलली गेली आणि जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये झाली. फायनलमध्ये झांग निंगने आधीची विश्वविजेती गोंग रुइनाला ११-६, ११-३ असं हरवलं. वय २८. जागतिक स्पर्धेतलं हे तिचं पहिलं सुवर्ण.

मग अथेन्स, ऑगस्ट २००४. फायनलमध्ये समोर कोण? मिया औदिना. लग्नानंतर ती नेदरलँड्सकडून खेळत होती. जकार्ताच्या त्या मॅचनंतर दहा वर्षं आणि तीन महिने गेलेले. पहिला गेम झांग निंगने ८-११ असा गमावला. मग ११-६, ११-७. ऑलिंपिक सुवर्ण. मी ती मॅच अनेकदा मुलींना दाखवली आहे, आणि दर वेळी पहिल्या गेमनंतर थांबवून विचारते: आता काय बदलशील? मुली म्हणतात, जोर वाढवीन, जास्त मारीन. आपण दुसरा गेम लावतो. ती मारणं कमी करते. मियाला नेटपाशी आणायचं आणि मागे ढकलायचं, पुन्हा आणायचं. मिया हातांनी अफाट होती, नेटला लागून अलगद शटल टाकण्यात, ड्रिबलमध्ये, तिला तोड नव्हती, पण पाय स्थिर ठेवून ते हात वापरायची संधी झांग निंगने तिला दिलीच नाही.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर हे उत्तर अर्धवट राहील, आणि तुमची मुलगी ती कधीतरी वाचेलच. अथेन्सच्या सेमीफायनलमध्ये झांग निंग आपल्याच संघातल्या झोऊ मीशी खेळली आणि ११-६, ११-४ अशी जिंकली. २००८ मध्ये चीनचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक ली योंगबो यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं की पहिला गेम झांग निंगने जिंकल्यावर झोऊ मीला फार झगडू नकोस असं सांगण्यात आलं होतं, कारण फायनलमध्ये मियाविरुद्ध झांग निंगची शक्यता जास्त वाटत होती आणि तिला ताजं ठेवायचं होतं. सिडनीच्या सेमीफायनलबद्दल ये झाओयिंगनेही नंतर असंच सांगितलं, की तिला गोंग झिचाओकडून हरायला लावलं होतं. हा त्या व्यवस्थेचा भाग होता. पदक देशाचं, खेळाडू कोणती ते संघ ठरवणार. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दुहेरीच्या चार जोड्या, त्यात एक चीनची, मुद्दाम हरण्याचा प्रयत्न केल्याबद्दल बाद झाल्या, तेव्हा जगाने हे उघडपणे पाहिलं.

माझं मत विचाराल तर झोऊ मीवर अन्याय झाला. ती जिंकली असती की नाही हा वेगळा प्रश्न, पण खेळायचा हक्क तिचा होता आणि तो काढून घेतला. पुढे ती हाँगकाँगकडून खेळली. झांग निंगच्या फायनलमधल्या खेळाला यामुळे कमीपणा येत नाही, कारण मियाविरुद्ध ०-१ ने मागे असताना तिला कुणी हातभार लावला नव्हता. पण ‘चिकाटीचं फळ’ असा गोड मथळा देऊन ही बाजू झाकली, तर मुलींना आपण खोटं शिकवतो. मी माझ्या हॉलमध्ये दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत सांगते.

आता तिच्या कारकिर्दीचा मला सर्वात आवडणारा भाग, आणि गंमत म्हणजे यावर कोणी फार बोलत नाही. २००६ मध्ये गुण मोजण्याची पद्धत बदलली. तोपर्यंत महिला एकेरीत गेम ११ चा, आणि सर्व्हिस असणारीलाच पॉइंट. सर्व्हिस नसताना रॅली हरलात तर पॉइंट जायचा, जिंकलात तर फक्त सर्व्हिस मिळायची. त्यामुळे सर्व्हिस आपल्याकडे असताना धोका पत्करला तरी पॉइंट लगेच जात नसे. नव्या पद्धतीत गेम २१ चा, आणि प्रत्येक रॅलीला पॉइंट. सर्व्हिस कुणाचीही असो, चूक केली की समोरच्याचा आकडा वाढणार. जुन्या खेळाडूंच्या पायाखालची वाळू सरकली. आयुष्यभराचे हिशोब बदलले. झांग निंग तेव्हा ३१ वर्षांची.

आणि तेवढ्यात तिच्याच संघात शिए शिंगफांग आली होती. जन्म जानेवारी १९८१ चा, म्हणजे झांग निंगपेक्षा साडेपाच वर्षांनी लहान, तशीच उंच, जास्त वेगवान, मारणारी. २००५ आणि २००६ च्या ऑल इंग्लंड या इंग्लंडमधल्या जुन्या, मानाच्या स्पर्धेच्या फायनल, आणि २००५ व २००६ च्या जागतिक स्पर्धेच्या फायनल, अशा चार मोठ्या फायनलमध्ये झांग निंग शिएकडून हरली. ऑल इंग्लंड तिला कधीच जिंकता आली नाही. चार फायनल, एकच प्रतिस्पर्धी, आणि तीही रोज सकाळी शेजारच्या कोर्टवर सराव करणारी. ३०-३१व्या वर्षी हे कसं सहन करायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही. मी स्वतः राज्य पातळीवर एकाच मुलीकडून सलग तीनदा हरल्यावर महिनाभर हॉलमध्ये गेले नव्हते.

१६ ऑगस्ट २००८, बीजिंग. घरच्या प्रेक्षकांसमोर ऑलिंपिक फायनल, झांग निंग विरुद्ध शिए शिंगफांग. ती मॅच मी घरी टीव्हीसमोर, वही घेऊन पाहिली. २१-१२, १०-२१, २१-१८. झांग निंगचं दुसरं ऑलिंपिक सुवर्ण, वय ३३. सगळे गुण एकत्र करा: झांग निंग ५२, शिए ५१. पूर्ण मॅचमध्ये फक्त एका पॉइंटचा फरक.

दुसरा गेम १०-२१ असा जातो तेव्हा बहुतेक मुली घाबरतात. ३३व्या वर्षी, तिसऱ्या गेमला ताकद राखायची असेल, तर हातातून निसटलेल्या गेमच्या मागे धावत सुटायचं नसतं. तिने दुसरा गेम मुद्दाम सोडला असं मी म्हणणार नाही, पण तो जातोय हे कळल्यावर ती पायांवर जास्त ताण देत नव्हती, असं मला माझ्या वहीतल्या खुणांवरून दिसतं. तिसऱ्या गेमला तिचे पाय शाबूत होते. एकविसाच्या पद्धतीत हे शहाणपण फार कामाचं आहे, आणि जुन्या पद्धतीत वाढलेल्या बाईने ते आत्मसात केलं. दोन्ही गुणपद्धतींत ऑलिंपिक सुवर्ण, एकदा ११ च्या गेममध्ये, एकदा २१ च्या. महिला एकेरीत दोन वेळा ऑलिंपिक जिंकणारी ती आजही एकटीच आहे. त्यानंतरच्या स्पर्धांत सुवर्ण घेतलेल्या ली श्वेरुई, कॅरोलिना मारिन, चेन युफेई, आन से-यंग यांच्यापैकी कोणालाही अजून दुसऱ्यांदा जमलेलं नाही. बीजिंगच्या समारोपाला चीनचा झेंडा झांग निंगच्या हातात होता. ती मग थांबली, आणि चीनच्या संघातल्या मुलींना एकेरी शिकवायला लागली. वांग यीहान आणि ली श्वेरुई यांच्या पिढीला तिचं मार्गदर्शन मिळालं.

(त्याच बीजिंगमध्ये आपली सायना १८ वर्षांची होती. क्वार्टरफायनलला मारिया क्रिस्तिन युलियांतीविरुद्ध पहिला गेम २८-२६ जिंकून ती हरली. चार वर्षांनी लंडनला कांस्य घेऊन आली. त्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये रडणाऱ्या मुली मला आठवतात.)

आता तुमच्या मुलीबद्दल.

ती झांग निंग नाही, आणि तिने व्हावं अशी अपेक्षाही करू नका. पण १७व्या वर्षी तिचं ‘संपलं’ असंही नाही. मी ही चूक एकदा केली आहे. एका १६ वर्षांच्या मुलीला मी सांगितलं की तू एकेरीसाठी मंद आहेस, दुहेरीकडे वळ. तिने वर्षभरात खेळच सोडला. काही वर्षांनी तिला सहज खेळताना पाहिलं, हातात शटल थांबायचं, सगळं कळत होतं तिला. पाय मंद नव्हते, ती चुकीच्या वेळी निघत होती, आणि ते मी शिकवायला हवं होतं. म्हणून आता मी कोणत्याच मुलीला पहिल्या भेटीत निकाल देत नाही. आधी हिशोब मागते.

तो हिशोब असा करा. तिच्या पुढच्या पाच स्पर्धा-मॅचेस मोबाइलवर घ्या. कोर्टच्या मागून, शक्यतो गॅलरीतून, म्हणजे पूर्ण कोर्ट दिसेल. घरी बसून प्रत्येक पॉइंटपुढे तीन गोष्टी लिहा: रॅली किती फटक्यांची होती, कशाने संपली, आणि तेव्हा स्कोअर काय होता. ‘कशाने संपली’ मध्ये नेटमध्ये, बाहेर, समोरचीने मारून जिंकला, तिने मारून जिंकला, असं साधं लिहा. पाच मॅचेसचे दोनशेहून जास्त पॉइंट होतील. कंटाळवाणं काम आहे, पण तुम्ही दोघी मिळून करा.

मग बघा. दहा फटक्यांच्या वरच्या रॅली ती जास्त हरत असेल, तर पाय आणि दम हा प्रश्न आहे. त्यावर सहा महिने काम करता येतं: शॅडो फुटवर्क (शटलशिवाय पायांच्या हालचालींचा सराव), दोन मुलींविरुद्ध एकटीने टॉस-ड्रॉपचा सराव, आणि आठवड्यातून दोनदा पायांची ताकद, हॉलबाहेर. चार-पाच फटक्यांतच पॉइंट जात असतील, तर सर्व्हिस आणि सर्व्हिसचा पहिला परतावा बघा. हे मल्टीशटलने (एकामागून एक शटल देत केलेल्या सरावाने) लवकर सुधारतं, आणि आपल्याकडे यावर सर्वात कमी वेळ जातो. चौदा-पंधरापर्यंत बरोबरीत आणि मग सलग पाच-सहा पॉइंट गेले, असा नमुना दिसला, तर १९९४ च्या जकार्ताची गोष्ट तिला सांगा. अशा मुलींना मी सराव-गेम १५-१५ पासून सुरू करायला लावते, रोज चार, आणि हरणारीने कोर्ट झाडायचं. महिन्याभरात खांदे मोकळे होतात.

नॅशनल खेळणाऱ्या त्या दोघींची नावं या वहीत येऊ देऊ नका. त्यांच्याशी जास्तीत जास्त सराव मात्र करू द्या. झांग निंगला जे दहा वर्षं रोज मिळत होतं ते आपल्या मुलींना शोधून मिळवावं लागतं: आपल्यापेक्षा बऱ्या खेळणाऱ्या मुली, आठवड्यातून किमान तीनदा. तुमच्या हॉलमध्ये नसतील तर मुलांशी खेळू द्या, पण मुलांनी स्मॅश न मारता खेळायचं या अटीवर.

बारावीचं वर्ष असेल तर सराव एक वेळेचा करा, बंद करू नका. तो बंद झालेल्या मुली परत येत नाहीत हे मी फार वेळा पाहिलंय. आणि तिला एकदा, शांतपणे, कोच नसताना विचारा की अजून खेळायचं आहे का. नाही म्हणाली तर ते उत्तरही धरा.

हो म्हणाली, तर एका रविवारी अथेन्सची फायनल लावा, आवाज बंद करून. पहिला गेम झाला की थांबवा आणि तिला विचारा, आता काय बदलशील. दुसऱ्या गेममध्ये शटलकडे बघायचं नाही, फक्त झांग निंगच्या पायांकडे. ती शटल मारल्यावर कुठे परत येते, कधी थांबते, समोरची मारत असताना टाच जमिनीवर असते का उचललेली. तिला दिसेल ते तिच्या शब्दांत वहीच्या पहिल्या पानावर लिहू द्या, आणि मग पाच मॅचेसच्या हिशोबासकट मला पाठवा. बघून पुढचं लिहिते.